स्टुलावर बसण्याआधी
सविनय कायदेभंगात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात राहणाऱ्या माणसाला मोर्चा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. यशवंत स्टेडियमवर मंडप, रस्त्यांवर बॅरिकेड, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवलेली गर्दी, मंत्र्यांना भेटायला आत सोडलेलं पाच जणांचं शिष्टमंडळ आणि संध्याकाळी हातात उरलेली निवेदनाची पोच. अशाच एका मोर्च्याहून परतताना एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "दादा, चार वर्षं निवेदनंच देतोय. पुढच्या वेळी बॅरिकेड तोडायचं का?"

"तोडून पलीकडे गेल्यावर काय करशील?" मी विचारलं.

तो गप्प बसला. खरं सांगायचं तर त्याच्या वयाचा असताना माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पुढचं सगळं त्याच्यासाठी लिहिलं आहे, आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

उदाहरण म्हणून मी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचं १९६० चं, दुकानांतल्या खाद्यकाउंटरवरच्या वर्णभेदाविरुद्धचं आंदोलन घेतोय. त्याची एक मुळी आपल्या नागपुरात आहे, म्हणून तर आहेच. पण त्याहून मोठं कारण असं की, विशीतल्या पोरांनी तयारी कशी केली याचा इतका बारीक तपशील दुसऱ्या फार थोड्या आंदोलनांचा मिळतो. जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला त्याने नकार दिला आणि तुरुंगात गेला. सुटल्यावर १९५३ मध्ये तो मिशनचं काम घेऊन नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला आणि तीन वर्षं इथे राहिला. मुलांना खेळ शिकवायचा आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात वर्णभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बस-बहिष्काराची बातमी त्याने इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ ला तो परत गेला. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला अमेरिकेच्या दक्षिणेत येण्याची गळ घातली आणि तो नॅशव्हिलला पोहोचला. तिथे एका चर्चच्या तळघरात त्याने विद्यार्थ्यांची शिकवणी सुरू केली.

पायरी १ : मोर्चा आणि कायदेभंग यांतला फरक ओळखा

परवानगी काढून काढलेला मोर्चा, धरणं, लाक्षणिक उपोषण, सह्यांची मोहीम हा कायदेभंग नाही. हे हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिलेले आहेत, अर्थात वाजवी निर्बंधांसह. कायदेभंग म्हणजे एखादा कायदा किंवा हुकूम जाणूनबुजून, उघडपणे, कोणालाही इजा न करता मोडायचा आणि त्याची शिक्षा भोगायची तयारी ठेवायची. यातलं 'उघडपणे' आणि 'शिक्षा' हे दोन शब्द गाळले की उरते ती नुसती पळापळ. मिठाचा कायदा मोडायला निघण्याआधी, २ मार्च १९३० ला, गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार आहोत ते कळवलं होतं. चोर कधी पोलिसांना आधी पत्र पाठवत नाही.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, तेव्हा कायदा मोडलाच नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मुंबई विधिमंडळात झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तिथे मोडली ती रूढी. कागदावर असलेला हक्क बजावण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागणं ही कायदेभंगापेक्षाही अवघड गोष्ट आहे. तुमचा प्रश्न या प्रकारात बसत असेल, तर 'आम्ही कायदा मोडणार' असं ओरडत सुटू नका. कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो हातचा घालवाल.

पायरी २ : दुखतं कुठे, ते ज्याचं दुखतं त्याला विचारा

नॅशव्हिलमध्ये वर्णभेद सगळीकडे होता. शाळा, घरं, नोकऱ्या, सिनेमागृहं. सुरुवात कुठून करायची? लॉसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये बैठका घेतल्या आणि तिथे बोलल्या त्या बायका. त्यांचं म्हणणं साधं होतं : बाजारात खरेदी आम्ही करतो, तुम्हा पुरुषांना काय ठाऊक. मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण दिवसभर पायपीट करून कुठे टेकायची सोय नाही, आणि भुकेलेल्या पोराला तिथल्या काउंटरवर सँडविच घेऊन देता येत नाही. खाद्यकाउंटर हे लक्ष्य ठरलं ते असं.

आता हे लक्ष्य किती नेमकं आहे पाहा. शहरातला प्रत्येक माणूस ते काउंटर ओळखतो. अपमान कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. निर्णय घेणारा समोर आहे, दुकानाचा मालक. त्याला पैशाचं दुखणं आहे. आणि जिंकलो की नाही हे एका कप कॉफीवरून कळतं.

म्हणून पहिला महिना घोषणा लिहिण्यात घालवू नका, वस्तीत बसा. मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न असेल तर मुलींबरोबर, शिष्यवृत्ती थकली असेल तर ज्याची थकली त्याच्या खोलीवर. मेसचे पैसे कोणाकडून उसने घेतले, ते ऐका. 'व्यवस्था बदला' ही मागणी नाही. 'थकलेली शिष्यवृत्ती अमुक तारखेपर्यंत खात्यात जमा करा' ही मागणी आहे. ती मान्य झाली की नाही, हे दुसऱ्या दिवशी पासबुकात दिसतं.

पायरी ३ : कोणता नियम मोडायचा ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

उत्तम कायदेभंग तो, ज्यात मोडायचा नियम आणि विरोध असलेला अन्याय एकच असतो. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया आणि जुलियांव मिनेझिस सभेत बोलायला उभे राहिले. पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. बोलणं हाच गुन्हा, म्हणून बोलणं हाच सत्याग्रह. त्यांना पकडून नेलं तेव्हा पोर्तुगीज राजवट काय आहे, हे वेगळं भाषण करून सांगायची गरज उरली नाही. गोव्यात हा दिवस आजही क्रांतिदिन म्हणून पाळतात. नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह तसाच. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती, म्हणून तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालायचं. तुकड्यांमागून तुकड्या. जमनालाल बजाज पकडले गेले, वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. १ मे पासून १८ ऑगस्टपर्यंत हे चाललं आणि शेवटी मिरवणूक त्याच भागातून गेली. आजचं हिस्लॉप कॉलेज सिव्हिल लाइन्समध्येच आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

आता माझी फजिती. विद्यार्थी असताना आम्ही एका मागणीसाठी रस्ता रोको केला. मागणी रास्त, घोषणा दणदणीत. अर्ध्या तासाने एक भाजीवाली बाई टेम्पोतून उतरून माझ्यासमोर उभी राहिली. हातात मेथीची कोमेजलेली जुडी. "तुमचा साहेब एसीत बसला आहे बाबा," ती म्हणाली, "अडवलं तुम्ही मला." मी काहीतरी व्यापक संघर्षाबद्दल बोललो. ती ऐकून न घेता निघून गेली, ते बरंच केलं. ज्या कार्यालयाने आमचं काम अडवलं होतं ते तिथून दोन किलोमीटरवर होतं आणि त्या दिवशी तिथलं कामकाज व्यवस्थित चालू होतं.

तेव्हापासून एक प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो : आपल्या कृतीने ताप कोणाला होणार? उत्तर 'निर्णय घेणाऱ्याला' असं नसेल, तर कृती बदला. रस्ता अडवणं कधीच करू नये असं मी म्हणत नाही. पण ते सोपं आहे म्हणून पहिलं सुचतं. आणि सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या शाहीनबागेच्या धरण्याच्या प्रकरणात म्हटलेलं आहे, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ४ : आधीची सगळी दारं ठोठावून या

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की, संविधानिक मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांना जागा नाही. हे म्हणजे अराजकतेचं व्याकरण. महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभारणारा माणूस हे बोलत होता. तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. शिबिरात कोणी ना कोणी तो काढतोच, आणि काढायलाच हवा.

माझं उत्तर असं : खुला मार्ग खरोखर खुला आहे का, हे आधी आपण चालून पाहायचं, आणि ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. एक फाईल करा. निवेदनाच्या पोचपावत्या, माहिती अधिकाराचे अर्ज आणि त्यांची उत्तरं, अधिकाऱ्याच्या भेटीच्या तारखा, आमदाराला दिलेलं पत्र, न्यायालयात जाता येत असेल तर त्याबद्दल वकिलाचा सल्ला. उद्या पत्रकार विचारेल, न्यायाधीश विचारेल, आणि त्यांच्या आधी तुमची आई विचारेल, "सरळ मार्गाने का नाही गेलात?" तेव्हा ही फाईल पुढे करायची. ती जाड नसेल तर अजून वेळ आलेली नाही.

नॅशव्हिलच्या मुलांनीही हेच केलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये त्यांच्या लहान तुकड्या दोन मोठ्या दुकानांत गेल्या. काहीतरी विकत घेतलं, काउंटरवर बसले, खायला मागितलं. नकार मिळाल्यावर व्यवस्थापकाला भेटून कारण विचारलं आणि शांतपणे परत आले. अटक नाही, गाजावाजा नाही. पण दार बंद आहे याचा पुरावा मिळाला, आणि जिने कुठे, मागचं दार कुठे, व्यवस्थापक चिडका की भित्रा, हेही कळलं.

पायरी ५ : तालीम, तालीम आणि पुन्हा तालीम

एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही.

चर्चच्या त्या तळघरात खुर्च्या रांगेने मांडून काउंटर केला जायचा. काही विद्यार्थी ग्राहक होऊन बसायचे आणि बाकीचे गुंड व्हायचे. गुंड झालेले मित्र शिव्या द्यायचे, त्याही अगदी जिव्हारी लागणाऱ्या. तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. बसलेल्याने हात उगारायचा नाही. खाली पडल्यावर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं पाहायचं, मित्राला बेदम मारत असतील तर परत न मारता मध्ये आपलं अंग कसं घालायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा. ज्याला जमत नव्हतं त्याला दुसरं काम होतं. फोन, गाड्या, जेवण, पत्रकं. त्यात कमीपणा मानायचा नाही.

१ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो नावाच्या दुसऱ्या गावात चार विद्यार्थी अचानक काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर ठिणगी पडली. नॅशव्हिलची मुलं तोवर कित्येक महिने तालीम करत होती. १३ फेब्रुवारीला, बर्फ पडलेलं असताना, शंभराहून जास्त विद्यार्थी चर्चला घालायच्या चांगल्या कपड्यांत रांगेने दुकानांत शिरले. हातात पाठ्यपुस्तकं. स्टुलावर बसून त्यांनी अभ्यास केला.

जॉन लुइस आणि बर्नार्ड लाफाएट या दोन विद्यार्थ्यांनी नियमांची यादी काढून वाटली होती. मारलं तरी परत मारू नका, शिव्या देऊ नका. खदाखदा हसू नका. प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे. कोणी माहिती विचारली तर नम्रपणे प्रमुखाकडे पाठवा. मला यातला हसण्याचा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. घाबरलेली पोरं हसतात. आणि पेपरात हसरा फोटो छापून आला की लोक म्हणतात, यांची मौज चालली आहे.

आपल्याकडे तालीम कशी घ्यायची? वीसेक जण आणि एक मोकळी खोली. चार जणांना पोलिस करा, दोघांना चिडलेले दुकानदार, एकाला माईक पुढे करणारा पत्रकार. एक पात्र मात्र विसरू नका : आपल्याच गर्दीत शिरून 'अरे, बघता काय, फोडा!' म्हणणारा अनोळखी माणूस. प्रत्यक्षात तो येतोच. त्याच्या भोवती पाच जणांनी शांतपणे कडं करून खाली बसायचं, बाकीच्यांनीही बसायचं. सगळे बसले की उभा राहिलेला एकटा दिसतो. तालमीनंतर अर्धा तास गोल बसून बोला. कोणाला खरोखर राग आला, कोण रडकुंडीला आलं. जातीवरून किंवा बाईपणावरून दिलेल्या शिव्या तालमीतही लागतात, म्हणून कुठे थांबायचं ते आधी ठरवून ठेवा. ज्या मुलाने आयुष्यभर त्या शिव्या ऐकल्या आहेत त्याला सरावाची गरज नाही. सराव इतरांना लागतो.

पायरी ६ : कायद्याचा कागद वाचा

मी वकील नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या, अशी प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाबरोबर एक पूर्ण संध्याकाळ बसा. बसण्याआधी एवढं माहीत असू द्या.

१ जुलै २०२४ पासून जुने फौजदारी कायदे गेले आणि नवीन आले. जमावबंदीचं सगळ्यांच्या तोंडात बसलेलं 'कलम १४४' आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे. असा हुकूम मोडला की लागणारं जुनं १८८ हे आता भारतीय न्याय संहितेचं २२३. महाराष्ट्रात याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीही मनाई हुकूम निघतात, शहरांत तर वरचेवर. आंदोलन सुरू असताना पोलिस बऱ्याचदा याच अधिनियमाच्या ६८ व्या कलमाखाली ताब्यात घेतात, गाडीत घालून मैदानावर किंवा ठाण्यात नेतात आणि संध्याकाळी नावं लिहून सोडतात. हे 'ताब्यात घेणं' आणि गुन्हा नोंदवून केलेली 'अटक' यांत फरक आहे. बाहेर पडताना गुन्हा नोंदवला आहे का, कोणत्या कलमांखाली, हे वकिलाने विचारून घ्यावं. मुलं आनंदात घरी जातात आणि सहा महिन्यांनी समन्स येतं.

जपायचं ते एका कलमाला. जुने कार्यकर्ते त्याला अजून 'तीनशे त्रेपन्न' म्हणतात, आता ते न्याय संहितेचं १३२ आहे : सरकारी नोकराला कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. अजामीनपात्र. पोलिसाने दंड धरला आणि तुम्ही हिसका दिला, तरी ते लागू शकतं. म्हणून तालमीत अंग सैल सोडायला शिकवायचं.

तुमचे हक्क असे. अटकेचं कारण कळलं पाहिजे, आवडीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. हे संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच ती करता येते. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता न आवडणारी गोष्ट. गुन्हा दाखल झाला तर पासपोर्टला अडचण येऊ शकते, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो सांगावा लागतो. आंदोलनातले खटले सरकार कधीकधी मागे घेतं, पण त्या भरवशावर कोणाला ढकलू नका. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला हे आधी सांगितलंच पाहिजे. तो मागे हटला तर त्याला भित्रा म्हणायचं नाही. त्याला हिशेब ठेवायला द्या.

आणि मोबाइल. व्हॉट्सॲप ग्रुपवर चेष्टेतसुद्धा 'जाळून टाकू' लिहायचं नाही. ते वाक्य आरोपपत्रात चेष्टेच्या सुरात छापलं जात नाही.

पायरी ७ : घरी सांगा

लपवू नका. पोलिस ठाण्यातून आलेल्या फोनवर आईला पहिल्यांदा कळणं यासारखं वाईट काही नाही. शक्य असेल तर दोन-तीन मित्रांनी मिळून एकेकाच्या घरी जावं. बाबा चिडतील. चिडू द्या. फाईल दाखवा, वकिलाचं नाव सांगा, कधी परत येणार ते सांगा.

१८ वर्षांखालच्या मुलांना अटकेच्या वाटेवर नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलं शेकड्यांनी तुरुंगात गेली, कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले, आणि त्या दृश्यांनी देश हलला हे खरं आहे. ती कल्पना ज्याने लावून धरली तो जेम्स बेव्हल नॅशव्हिलच्याच तळघरात शिकलेला. पण तेव्हाही माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याने मुलांना पुढे करण्यावर सडकून टीका केली होती, आणि मला ती टीका पटते. पोरांना चित्रं काढू द्या, गाणी म्हणू द्या.

पायरी ८ : तो दिवस

खिशात ओळखपत्राची झेरॉक्स, थोडे पैसे, नेहमीची औषधं. दमा असेल तर पंप. चणे-गूळ, पाण्याची बाटली. पायात चप्पल नको, बूट. नेलकटर, चाकू, कंपासपेटीतला कर्कटक, असलं काही नको. वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहा, कारण मोबाइल काढून घेतला जातो आणि पाठ असलेला नंबर आजकाल कोणालाच नसतो. मोबाइलला अंगठ्याऐवजी आकड्यांचं कुलूप.

पोलिसांशी एकच माणूस बोलेल, पत्रकारांशी एकच. बाहेर किमान तीन जण राहतील : एक यादी घेऊन, कोण कुठे नेला गेला ते लिहिणारा, एक वकिलासोबत, एक घरच्यांचे फोन घेणारा. हे तिघं कितीही मोह झाला तरी गाडीत चढणार नाहीत. पहिल्या वेळी ते चढतातच. घोषणांच्या भरात आमचा यादीवाला यादीसकट आत गेला होता.

पायरी ९ : आत गेल्यावर

२७ फेब्रुवारी १९६० ला नॅशव्हिलच्या मुलांना आधीच खबर होती की आज गुंड येणार, पोलिस बाजूला उभे राहणार आणि मग अटक विद्यार्थ्यांनाच होणार. झालं तसंच. मार खाल्ला त्यांना पकडलं, मारणारे मोकळे. पण एक तुकडी स्टुलावरून उठवून नेली की दुसरी येऊन बसे, ती नेली की तिसरी. ८० च्या आसपास विद्यार्थी पकडले गेले. न्यायालयाने ५० डॉलर दंड केला. तेव्हा डायन नॅश या विद्यार्थिनीने सांगितलं की दंड भरणं म्हणजे हा अन्याय मान्य करणं, आम्ही तुरुंगात जाऊ. लॉसनला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. तरी काम थांबलं नाही, कारण ते एका माणसावर उभं नव्हतं.

जामीन घ्यायचा की आत राहायचं, हा निर्णय आधी आणि एकत्र करा. ज्यांना परीक्षा आहे, घरी आजारी माणूस आहे, त्यांचा जामीन पहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेची झाडं तोडायला विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते आणि काहींच्या परीक्षा तोंडावर होत्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला खास खंडपीठ बसून आणखी झाडं तोडायला मनाई झाली. तोवर दोन हजारांवर झाडं पडलेली होती. अशा वेळी जामिनाला उशीर व्हायला नको, म्हणून जामीनदार, त्यांची कागदपत्रं आणि सही केलेली वकीलपत्रं आदल्या दिवशीच तयार ठेवा. रविवार गाठून अटक झाली तर धावपळ किती महाग पडते, ते एकदा अनुभवलं की पुरे.

पायरी १० : खरा दाब आणि तडजोड

स्टुलावर बसणाऱ्या मुलांनी नॅशव्हिल एकट्याने जिंकलं नाही. ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बाजारावर बहिष्कार घातला. गल्ला रिकामा राहू लागला तेव्हा दुकानदार बोलू लागले. म्हणून आखणी करतानाच विचार करा : तुमचे पन्नास जण आत असताना बाहेरच्या पाच हजारांनी काय करायचं? त्यांना काही सोपं, बिनधोक काम नसेल तर ते टाळ्या वाजवून घरी जातील.

तडजोडीचा पहिला प्रस्ताव आला तो असा : काउंटरचे दोन भाग करू, एक मिश्र, एक फक्त गोऱ्यांसाठी. विद्यार्थ्यांनी नाकारला. १९ एप्रिलला पहाटे त्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता, निव्वळ पावलांच्या आवाजात महापालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं, वर्णावरून भेदभाव करणं तुम्हाला योग्य वाटतं का? महापौरांनी नाही म्हणून कबूल केलं. ती काही भाषण ठोकायला गेली नव्हती. तिने एकच प्रश्न विचारला, ज्याला 'विचार करू' हे उत्तर देताच येत नव्हतं. शिष्टमंडळात जाणाऱ्यांनी हे घोटून ठेवावं.

१० मे १९६० ला सहा दुकानांनी काउंटर खुले केले. कसे, ते बघा : दुकानदारांना आधी कळवून, ठरल्या दिवशी लहान लहान गटांनी जाऊन खायला मागवलं. ढोल-ताशे नाहीत, गुलाल नाही. हरलेल्याला मान खाली न घालता निर्णय बदलता यावा, एवढी जागा त्यांनी ठेवली.

कधीकधी थांबावंही लागतं. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं होतं, हजारो लोक जमले होते, आणि दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम येऊन पडला. लोक जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि सत्याग्रह पुढे ढकलला. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याला हात लावला नाही. लढाई न्यायालयात गेली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकली गेली. पेटलेल्या सभेला 'आज नाही' म्हणता येणं, हे ज्याला जमतं त्यालाच प्रमुख करा. बाकी घोषणा कोणीही देतं.

पायरी ११ : तारीख

आंदोलन संपतं, पेपरात फोटो येतो, आणि मग तारखा सुरू होतात. दोन वर्षं, चार वर्षं. कोणी पुण्याला नोकरीला लागतं, कोणाचं लग्न होतं, आणि खटला इथे चालू राहतो. तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं. एक वही करा : आरोपीचं नाव, खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख, येण्याजाण्याचं भाडं. भाड्यासाठी दर महिन्याला प्रत्येकाने पन्नास रुपये. आणि कितीही साधी तारीख असो, आरोपीसोबत आपल्यातला एक जण कोर्टाच्या त्या बाकावर बसायला गेलाच पाहिजे. पुढच्या तारखेला कोण जाणार, ते आजच्या बैठकीत वहीत लिहून मगच उठा.